न्हावा-शेवा परिसरातील बसवाहतूक : ऐकणारे आणि ठरविणारे

१

न्हावा-शेवा हे नाव आज जगाच्या सागरी नकाशावर एकाच स्थळाचे नाव म्हणून रूढ झाले असले, तरी मुळात ती दोन गावे होत. न्हावा ऊर्फ न्हावे हे पनवेल तालुक्यातील, तर शेवा हे उरण तालुक्यातील. बंदराच्या कागदपत्रांनी या दोन नावांमध्ये एक आडवी रेघ घातली आणि त्यांचे एक नाव केले. नावाची ही घडण लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण या भूभागाचा विचार करणाऱ्या बहुतेक सर्व संस्थांनी तो एक अखंड पट्टा म्हणून केला; तेथे राहणाऱ्या माणसाला मात्र आपले गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या पंचायतीत, कोणत्या नियोजनक्षेत्रात आणि कोणाच्या हद्दीबाहेर येते, याची जाणीव पावलोपावली ठेवावी लागली. बसची फेरी वाढवावी, वळवावी की बंद करावी, हा प्रश्न ज्या ज्या वेळी उपस्थित झाला, त्या त्या वेळी ही जाणीव अधिक तीव्र झाली.

बससेवेतील फेरबदल हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. राज्यकर्त्यांच्या चरित्रांत त्याला स्थान नसते आणि इतिहासग्रंथांतही तो क्वचितच येतो. तथापि, शाळा, रुग्णालय, कचेरी व बाजार यांपैकी कोणत्या ठिकाणी गावातील माणूस वेळेवर पोचू शकेल, हे या निर्णयाने ठरते. असा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे होता, त्यापूर्वी कोणाचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद होती, आणि ऐकणारे व ठरविणारे एकच होते की भिन्न, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने न्हावा-शेवा परिसराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

उरण व त्याच्या आसपासची गावे मुंबईच्या समोर असूनही दीर्घकाळ मुंबईपासून रस्त्याने दूर राहिली. मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरणे हाच मुंबईला जाण्याचा सरळ मार्ग होता. रस्त्याने जायचे तर पनवेल गाठून ठाण्याच्या बाजूने खाडीला वळसा घालावा लागे. त्या काळी हा सर्व भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे; या जिल्ह्याचे रायगड हे नामकरण १९८१ साली झाले. मीठ, मासळी आणि भात यांवर जगणाऱ्या आगरी व कोळी वस्तीच्या दृष्टीने भरती-ओहोटीची वेळ हेच वाहतुकीचे वेळापत्रक होते, आणि ते कोणत्याही अधिकाऱ्याच्या सहीवर अवलंबून नव्हते.

मोटार आली आणि त्याबरोबर परवाना आला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रवासी गाड्यांना परवाने देण्याचे काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे सोपविले. या कायद्याचे ४७ वे कलम भाषेच्या दृष्टीनेही मननीय आहे. परवान्याच्या अर्जाचा विचार करताना प्राधिकरणाने काय काय पाहावे, याची यादीच त्यात दिली होती. सर्वसाधारण जनतेचे हित, वेळेची बचत, चालू सेवेची पर्याप्तता, रस्त्यांची स्थिती, आणि यांच्या जोडीनेच एखाद्या विशिष्ट स्थळाला किंवा स्थळांना त्या सेवेपासून होणारा लाभ. त्याच मार्गावर वा त्याजवळ आधीपासून वाहतूक करणाऱ्यांची, तसेच मार्ग ज्यांच्या हद्दीतून जातो त्या स्थानिक संस्थांची व पोलीस अधिकाऱ्यांची निवेदने विचारात घेण्याचे बंधनही प्राधिकरणावर होते.

या तरतुदीवर ब्रिटनमधील १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याची छाया स्पष्ट दिसते. त्या कायद्याने नेमलेले वाहतूक आयुक्त जाहीर बैठका घेत, आणि तेथेही मार्गावरील अन्य वाहतूकदार व स्थानिक संस्था यांचे म्हणणे विचारात घेतले जाई. दोन्ही कायद्यांत एक समान उणीव होती. गाडीत बसणारा प्रवासी हा या यादीत स्वतःच्या नावाने कोठेच नव्हता. त्याचे म्हणणे मांडायचे ते त्याच्या नगरपालिकेने. असे असले तरी ‘विशिष्ट स्थळाचा लाभ’ हे शब्द कायद्यात होते, आणि लहान गावाच्या बाजूने बोलणाऱ्यास बोट ठेवण्यापुरती जागा त्यांनी मिळवून दिली होती.

३

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली गाडी धावली. १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याने या सेवेला स्थिर वैधानिक पाया लाभला. या कायद्यातील दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. १८ व्या कलमाने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसंघटित वाहतूक पुरविणे हे महामंडळाचे सर्वसाधारण कर्तव्य ठरविले. २२ व्या कलमाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांनुसार चालविणे हे महामंडळाचे सर्वसाधारण धोरण ठरविले. ‘पुरेशी’ आणि ‘व्यापारी’ या दोन शब्दांमधील ताण पुढील सर्व इतिहासात कायम राहिला. खेड्यातून सकाळी सुटणारी अर्धी रिकामी गाडी पहिल्या कलमाप्रमाणे आवश्यक ठरते, आणि दुसऱ्या कलमाप्रमाणे ती आक्षेपार्ह ठरते. या दोहोंपैकी कोणत्या कलमाला झुकते माप द्यावयाचे, हे त्या त्या अधिकाऱ्याच्या विवेकावर राहिले.

१९५६ साली मोटार वाहन कायद्यात एक नवे प्रकरण घालण्यात आले. एखाद्या मार्गावरील वाहतूक सरकारी उपक्रमाने हाती घ्यावयाची असल्यास तशी योजना राजपत्रात प्रसिद्ध करावी, तिच्यावरील हरकती तीस दिवसांच्या आत मागवाव्यात, आणि राज्य सरकारने त्यांची सुनावणी करून योजना मंजूर करावी वा फेटाळावी, अशी ही व्यवस्था होती. योजनेमुळे ज्याच्यावर परिणाम होतो अशा कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याची मुभा होती.

ही सुनावणी कशी असावी, याचा निर्णय १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने गुल्लापल्ली नागेश्वरराव यांच्या खटल्यात दिला. आंध्र प्रदेशातील या प्रकरणी हरकती ऐकल्या त्या परिवहन खात्याच्या सचिवाने, आणि निर्णय दिला तो मुख्यमंत्र्यांनी. बहुसंख्य न्यायाधीशांनी ही पद्धत अमान्य केली. एकाने ऐकावे व दुसऱ्याने ठरवावे, असे झाले तर सुनावणी हा केवळ उपचार होतो, हे त्या निर्णयाचे सार होते. खटला बसमालकांचा होता. परंतु त्यातून निघालेले तत्त्व बसमालकांपुरते मर्यादित नाही. सार्वजनिक वाहतुकीच्या कोणत्याही निर्णयाला लावून पाहावा असा तो निकष आहे.

कायद्याचा पुढील प्रवास मात्र उलट दिशेने झाला. १९६९ च्या दुरुस्तीने हरकत घेणाऱ्यांचे वर्तुळ आकुंचित केले. आता हा अधिकार चालू वाहतूकदार, सरकारमान्य संघटना, आणि स्थानिक वा पोलीस अधिकारी एवढ्यांपुरताच राहिला. ‘परिणाम होतो अशी कोणीही व्यक्ती’ हा शब्दप्रयोग गळाला, आणि त्याबरोबर सामान्य प्रवाशाला मिळालेली फट बुजली.

४

याच सुमारास न्हावा-शेवा परिसराचे प्राक्तन बदलत होते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांचा प्रदेश नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आला. वाशीच्या खाडीवरील पूल १९७३ साली खुला झाला आणि मुंबईकडे जाणारा रस्त्याचा वळसा पुष्कळ कमी झाला. नव्या वसाहतींतील रहिवाशांसाठी सिडकोने बॉम्बे मेट्रोपॉलिटन ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ही अंगीकृत कंपनी काढून बसगाड्या चालविल्या. नियोजन करणाऱ्या संस्थेनेच बस चालवावी, हा तर्कशुद्ध प्रयोग होता. घरे कोठे होणार हे जिला ठाऊक, तिलाच मार्ग कोठे न्यावा हे कळावे. परंतु सिडको ही लोकनिर्वाचित संस्था नव्हती. गावकऱ्याच्या मतावर तिचा एकही संचालक निवडून येत नसे. १९८४ साली ही बससेवा बंद झाली.

१९८४ हे वर्ष या भागाच्या स्मरणात कायमचे कोरले गेले आहे, ते अर्थातच अन्य कारणाने. संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर जानेवारी महिन्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे बंदरासाठी शेवा गावाला आपली जागा सोडावी लागली. हनुमान कोळीवाडा व नवीन शेवा या वस्त्या त्या विस्थापनातून निर्माण झाल्या. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. बंदराकडे जाणारे रुंद रस्ते झाले, मालगाडीचा लोहमार्ग झाला. हे सर्व दळणवळण पेट्यांसाठी होते. समुद्रकिनारा गेल्यामुळे होडीने ये-जा करणारा माणूस रस्त्यावर आला, आणि रस्त्यावर त्याला बसची वाट पाहावी लागली.

५

बंदर सुरू झाले त्याच वर्षी, १ जुलै १९८९ पासून, मोटार वाहनांचा १९८८ चा नवा कायदा अमलात आला. परवाने मुक्तपणे द्यावेत, हे त्याचे सूत्र होते. जुन्या ४७ व्या कलमातील यादी नव्या कायद्यात राहिली नाही. प्राधिकरणाने कायद्याची उद्दिष्टे लक्षात घ्यावीत, एवढे मोघम वाक्य तिच्या जागी आले. चालू वाहतूकदारांना नव्या परवान्याविरुद्ध हरकत घेण्याचा हक्क उरलेला नाही, हे १९९१ साली मिथिलेश गर्ग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मक्तेदारी मोडण्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु वाहतूकदाराच्या हरकतीबरोबर स्थानिक संस्थेचे निवेदनही गेले, आणि ‘विशिष्ट स्थळाचा लाभ’ हे शब्दही गेले. सरकारी उपक्रमाच्या योजनेवर आता ‘कोणाही व्यक्तीला’ हरकत घेता येते, ही जमेची बाजू नमूद केली पाहिजे. मात्र योजना म्हणजे रोजची फेरी नव्हे. सकाळची गाडी अर्धा तास पुढे ढकलली किंवा गावात न शिरता नाक्यावरूनच वळविली, तर त्यासाठी राजपत्रात काहीही प्रसिद्ध करावे लागत नाही.

यानंतर हद्दींचा प्रश्न उभा राहिला. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या हद्दीत ठाण्याच्या बाजूचा पट्टा आला. पनवेल व उरण तालुक्यांतील गावे बाहेर राहिली. म्हणजे नियोजनाचे शहर एक आणि मतदाराचे शहर दुसरे, अशी स्थिती झाली. जानेवारी १९९६ मध्ये या महानगरपालिकेने आपला परिवहन उपक्रम सुरू केला आणि कालांतराने त्याच्या गाड्या हद्द ओलांडून उरणपर्यंत जाऊ लागल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली, तीतही उलवे, द्रोणागिरी, न्हावा, शेवा व उरण यांचा समावेश नव्हता.

महानगरपालिकांच्या कायद्याप्रमाणे परिवहन उपक्रम चालविणे हे ऐच्छिक कर्तव्य आहे. तो चालविल्यास त्याच्या कारभारासाठी परिवहन समिती असते आणि तिच्यापुढे परिवहन व्यवस्थापक प्रस्ताव ठेवतो. समितीचे सदस्य महानगरपालिकेला उत्तरदायी, आणि महानगरपालिका आपल्या करदात्यांना. बेलापूरच्या प्रवाशाला बस आली नाही तर तो आपल्या नगरसेवकाकडे जाऊ शकतो. त्याच बसने पुढे जाणाऱ्या शेव्याच्या प्रवाशाला असा नगरसेवकच नाही. तो तिकिटाचे पैसे देतो, पण मत देऊ शकत नाही. त्याची ग्रामपंचायत विनंतीपत्र पाठवू शकते. ते पत्र विचारात घेतलेच पाहिजे, असे बंधन कोणावरही नाही.

६

बससेवेसंबंधी कचेरी आणि गाव यांची शब्दसंपत्ती निराळी आहे, आणि या निराळेपणातही निर्णयाधिकाराचा इतिहास उमटला आहे. कचेरीच्या भाषेत ‘मार्ग’ असतो, ‘फेरी’ असते, ‘भारमान’ असते. भारमान म्हणजे उपलब्ध आसनांच्या तुलनेत प्रत्यक्ष प्रवाशांचे शेकडा प्रमाण. हा मोजमापाचा शब्द असून तो उपयुक्तही आहे. त्यावाचून गाड्यांची वाटणी करता येणार नाही. गावाच्या भाषेत मात्र ‘मार्ग’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तेथे ‘सकाळची गाडी’ असते, ‘कॉलेजची गाडी’ असते, आणि रात्री गावात थांबून पहाटे परतणारी ‘मुक्कामाची गाडी’ असते. गावाने गाडीला नाव दिले ते तिच्या वेळेवरून व कामावरून. भारमानाच्या कोष्टकात कॉलेजच्या गाडीतील मुलगी आणि दुपारच्या गाडीतील प्रवासी सारखेच मोजले जातात. गावाच्या हिशेबात तसे नाही. दुपारची गाडी गेली तर गैरसोय होते. सकाळची गेली तर शिक्षण थांबते.

क्रियापदांतही हाच भेद आढळतो. गाव म्हणते, ‘गाडी बंद झाली’ किंवा ‘गाडी बंद केली’. कचेरी फेऱ्यांचे ‘सुसूत्रीकरण’ करते, सेवा ‘स्थगित’ ठेवते, मागणी ‘विचाराधीन’ असते. या तिन्ही शब्दांत कर्ता दिसत नाही. कोणी विचार करीत आहे, कोठे करीत आहे आणि किती दिवस करीत राहणार, हे ‘विचाराधीन’ या शब्दातून कळण्यास मार्ग नाही. अधिकारी अप्रामाणिक असतो म्हणून हे शब्द येतात, असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा ज्याच्या टेबलावर अर्ज आलेला असतो, त्याच्याकडे निर्णयाचा अधिकारच नसतो. त्याची भाषा त्याच्या या स्थितीशी प्रामाणिक असते.

७

२०२४ साली हे सर्व धागे एकत्र आले. १२ जानेवारी रोजी खारकोपर-उरण हा लोहमार्गाचा टप्पा व शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू यांचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. सेतूची लांबी २१.८ किलोमीटर, त्यांपैकी सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर. या सेतूवर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मज्जाव आहे. परिणामी, सेतूच्या पायथ्याशी राहणाऱ्या पण मोटारगाडी न बाळगणाऱ्या माणसाला तो ओलांडायचा असेल तर बस हाच उपाय राहिला. १८ मार्च रोजी मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने कफ परेडहून सेतूमार्गे बेलापूरच्या कोकण भवनापर्यंत बस सुरू केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवी मुंबईच्या उपक्रमानेही नेरूळ व खारघर येथून सेतूमार्गे मंत्रालयाच्या दिशेने गाड्या सोडल्या. ज्यांची नावे या मार्गांच्या दोन टोकांना लागली ती स्थळे पाहिली, तर सेतू ज्या गावांवर उतरला ती गावे वाटेवरचीच राहिली, हे लक्षात येते.

दरम्यान, फेब्रुवारी महिन्यात खोपटे येथे नवी मुंबईच्या उपक्रमाच्या बसला अपघात होऊन एक जीव गेला. त्यामुळे लोकांत क्षोभ उसळला आणि त्यानंतर उरणकडील फेऱ्या थांबविण्यात आल्या. या घटनेचा विचार करताना दोन्ही बाजू ध्यानात घेतल्या पाहिजेत. जमावाच्या रोषाला तोंड द्यावे लागणाऱ्या चालक-वाहकांच्या सुरक्षिततेची चिंता उपक्रमाने वाहू नये, असे कोणी म्हणणार नाही. अवजड वाहनांनी व्यापलेल्या रस्त्यावरून बस हाकणे सोपे नसते. नवी रेल्वे सुरू झाल्यावर समांतर बसफेऱ्यांचे प्रमाण पुन्हा तपासणे हेही व्यवस्थापकाचे कामच आहे. परंतु रेल्वे स्थानकावर थांबते, गावात येत नाही. खोपट्याच्या किंवा हनुमान कोळीवाड्याच्या माणसाला स्थानक गाठण्यासाठीसुद्धा गाडी हवी असते.

येथे आणखी एका वस्तुस्थितीची नोंद आवश्यक आहे. नवी मुंबई महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली होती, आणि मुंबई महानगरपालिकेची मार्च २०२२ मध्ये. २०२४ साली दोन्ही ठिकाणी प्रशासकांचा कारभार चालू होता. सेतूवरील नवी सेवा सुरू करण्याचा निर्णय असो की उरणकडील जुनी सेवा थांबविण्याचा, तो निर्वाचित सदस्यांच्या समितीपुढे खुल्या चर्चेला आला नाही. उरणच्या प्रवाशाला जे पूर्वीपासून नव्हते, ते त्या काळात बेलापूरच्या प्रवाशालाही राहिले नाही. प्रशासकांनी नव्या सेवा तत्परतेने सुरू केल्या हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, सेवा देण्याची तत्परता आणि सेवा काढून घेताना विचारण्याची सवय या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत केंद्रीय अनुदान घेणाऱ्या शहर-वाहतूक संस्थांना भाडेवाढ किंवा सेवेतील मोठी कपात करण्यापूर्वी लोकांचे अभिप्राय मागवून त्यांचा विचार करावा लागतो. असा नियम असला म्हणजे कपात टळतेच असे नाही. पण ती कोणी, का व कोणाचे म्हणणे ऐकून केली, याची नोंद राहते.

८

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. न्हावा-शेवा परिसरात गेल्या आठ दशकांत वाहतुकीची साधने उत्तरोत्तर वाढली. निर्णयाचे स्थान मात्र प्रवाशापासून उत्तरोत्तर दूर गेले. १९३९ च्या कायद्यात प्रवासी नव्हता, पण त्याची स्थानिक संस्था होती. १९५६ साली परिणाम भोगणारी व्यक्ती आली आणि १९६९ साली ती बाहेर गेली. १९८८ नंतर स्थानिक संस्थाही परवान्याच्या प्रक्रियेतून बाहेर गेली. नव्या शहराचे नियोजन एकाकडे, बस दुसऱ्याकडे, रस्ता तिसऱ्याकडे, आणि तक्रार ऐकणारा आगारातील कर्मचारी यांपैकी कोणाच्याही निर्णयाचा भागीदार नाही. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने जो दोष दाखविला, तोच येथे कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या चुकीशिवाय, हद्दी आणि कायदे यांच्या रचनेतून निर्माण झाला आहे.

याचा उपाय प्रत्येक गावाला स्वतंत्र बससेवा देण्यात नाही. ते शक्यही नाही. जो उपक्रम दुसऱ्याच्या हद्दीत प्रवासी वाहतो, त्याने तेथील फेरी बदलण्यापूर्वी तेथील ग्रामपंचायतीला व नगरपालिकेला लेखी कळवावे, ठरावीक मुदतीत आलेले म्हणणे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोरच मांडले जावे, आणि निर्णयाची कारणे थांब्यावर मराठीत लावावीत, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. जुन्या ४७ व्या कलमात यातील निम्मी व्यवस्था पूर्वीच होती. ती नव्याने शोधून काढावयाची नसून परत आणावयाची आहे.

शेव्याच्या माणसाने एकदा बंदरासाठी गाव सोडले. त्या वेळी त्याचे म्हणणे कितपत ऐकले गेले, हा इतिहासाच्या एका मोठ्या प्रकरणाचा विषय आहे. सकाळच्या गाडीचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. पण लहान प्रश्नावर ज्याला विचारले जात नाही, त्याला मोठ्या प्रश्नावर विचारले जाईल असा भरवसा वाटणे कठीण असते, आणि म्हणूनच या लहान प्रश्नाची दखल इतिहासाने घेणे अगत्याचे आहे.